उजवीकडची सीट

आमच्या भागात जमीन गेली की गाडी येते. एमआयडीसीने ज्याचं रान जास्त घेतलं, त्याची गाडी जास्त उंच. मोशीत आमच्या आळीतून एक फेरी मारली, तर दारातल्या गाड्यांच्या उंचीवरून कुणाचं किती गेलं ते सांगता येतं, सातबारा काढायला नको. आमचंही बरंच गेलं. पण मी जी गाडी घेतली ती बघून अख्ख्या भावकीने मला वेड्यात काढलं, आणि त्यांचं फार चुकलं असं आज मला म्हणवत नाही.

तिला साइड-बाय-साइड म्हणतात. दोन सीट शेजारी-शेजारी, वर लोखंडी पाइपांचा सांगाडा, मागे माल टाकायला छोटा हौदा आणि खाली जाडजूड टायर. दारं नाहीत, काचा नाहीत. आरटीओचं पासिंगही नाही, म्हणजे रस्त्यावर काढून चार लोकांत मिरवायची सोय नाही. चाकणच्या एका कंपनीने आवारातल्या झाडांना खत-पाणी पोचवायला ती परदेशातून आणली होती. पुढे साहेब बदलले, झाडं तोडून पार्किंग झालं आणि गाडी भंगाराच्या यादीत आली. मी तिथे कामासाठी गेलो होतो. काम क्वालिटीचं. वीस वर्षं दुसऱ्याच्या मालातली खोट काढून पगार घेणारा मी, तिच्यावर पहिल्याच नजरेत भाळलो.

त्याला कारण होतं. कारण म्हणजे दादा, माझे वडील.

आमचा उरलेला जमिनीचा तुकडा चाकणच्या अंगाला, एका कंपनीच्या भिंतीमागे, टेकडीच्या पायथ्याशी आहे. डांबरी रस्ता भिंतीपाशी संपतो. पुढे एका हाताला भिंत, दुसऱ्या हाताला ओढा आणि मधे खडक नि चिखल यांची आमची वहिवाट. साध्या कारचं पोट खडकाला घासतं. ट्रॅक्टर जातो, उंच जीप जाते. पण खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून दादांना उंच काहीच चढता येत नव्हतं. जन्मभर रोज सकाळी हात मागे बांधून बांधाबांधाने फिरलेला माणूस गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या बिल्डिंगीतल्या लोकांचे वाळत घातलेले कपडे बघत बसायचा. ज्याने भावकीत एकालाही वीतभर बांधावरून सोडलं नव्हतं, त्याने भांडणंच सोडून दिली. मला ते बघवत नव्हतं. एकदा म्हटलं, चौघं मिळून खुर्चीसकट नेतो तुम्हाला.

"मला काय खताच्या गोणीगत उचलून न्हेनार व्हय?" ते म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

ही गाडी बुटकी. गुडघ्याएवढं पाऊल उचललं की माणूस सीटवर. ती टेम्पोत घालून वहिवाटीच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवली. दादांना कारने तिथवर नेलं. नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, बायकोने हळदीकुंकू वाहिलं. आणि दादा काठी टेकत सरळ उजव्या बाजूला जाऊन बसले.

ट्रॅक्टर, जीप, दुधाचा टेम्पो, सगळं चालवलेला माणूस. गाडीत डावीकडे बसल्याचं मला आठवत नाही. ते सवयीने उजवीकडे गेले, आणि या परदेशी बयेचं स्टिअरिंग डावीकडे. ते मी घेताना पाहिलं होतं; त्याचा काय अर्थ होतो ते मात्र आत्ता डोक्यात शिरलं. दादांच्या पुढे स्टिअरिंग नव्हतं, धरायला एक आडवा दांडा होता. त्यांनी दांड्याकडे पाहिलं. मग डावीकडे, माझ्या हातातल्या स्टिअरिंगकडे पाहिलं. आता काठी मागून उतरणार, असंच मला वाटलं. त्यांनी दांडा दोन्ही हातांनी पक्का धरला.

"सोड क्लच," ते म्हणाले.

या गाडीला क्लच नाही.

"सोडला," मी म्हणालो.

तेव्हापासून गाडी दादा चालवतात. मी फक्त स्टिअरिंग फिरवतो, ॲक्सिलरेटर दाबतो, ब्रेक मारतो, अशी वरकड कामं बघतो. समोरून येणाऱ्याला उजवीकडे बसलेला, दांडा धरलेला, टोपी घातलेला माणूस दिसतो. शेजारच्या शेतातले म्हातारबाबा पहिल्याच दिवशी म्हणाले, "या वयात गाडी चालवताय, दादा?"

"पाय गेलं, हात हायेत की," दादा म्हणाले. परत येताना त्याच म्हातारबाबांशी ते बांधावरून अर्धा तास भांडले. मला फार बरं वाटलं.

आता या बयेचे लाड ऐका. काट्याने टायर जातो, तो आपला नेहमीचा खर्च. पण चाकांच्या आसावर रबराच्या टोप्या असतात, त्याही बाभळीने फाडल्या. एअर फिल्टर दर आठवड्याला मूठभर माती खातो. उंदराने दोनदा वायरिंग कुरतडलं. मी दर रविवारी ग्रीसगन घेऊन तिच्याखाली. बायको म्हणाली, "घरातला कूलर दोन उन्हाळे पुसला नाहीत. हिला मात्र रविवारची न चुकता आंघोळ."

आणि पट्टा. इंजिनाचं बळ चाकांपर्यंत एका रबरी पट्ट्याने जातं. चढ असेल किंवा ओझं असेल तर लो गिअर टाकायचा, नाहीतर पट्टा जळतो, असं पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलंय. ते पुस्तक मी पट्टा जळाल्यावर वाचलं. दुसऱ्याने मॅन्युअल न वाचता मशीन चालवलं तर मी त्याला उभा चिरतो, हे इथे मुद्दाम सांगून ठेवतो. माझी बाजू एवढीच, की पहिल्या दिवशी लो गिअर टाकायला गेलो तेव्हा दादा म्हणाले होते, "त्यो शिकाऊ लोकांचा." मग हाय गिअरवरच शेणखत भरून खडक चढलो. जळक्या रबराचा वास आला, गाडी थांबली.

"क्लच दाबून धरला आसशील," दादा म्हणाले.

चाकणमध्ये दर दुसऱ्या शेडात गाडीचा कसला ना कसला पार्ट बनतो. इथून जगभर माल जातो. तिथे या गाडीचा पट्टा मिळेना. लातूरकडून येऊन स्थिरावलेल्या ट्रॅक्टरच्या मेकॅनिकने झाकण खोललं आणि आतल्या चिंध्या बघून विचारलं, "भाऊ, ही गाडी हाय का ट्रॅक्टरचं लेकरू?" त्याने पिठाच्या गिरणीचा पट्टा बसवून पाहिला. गाडी शेडच्या दारापर्यंत गेली, हे त्यातल्या त्यात यश. खरा पट्टा समुद्रावरून यायला दीड महिना लागला. तो दीड महिना दादा परत गॅलरीत, पुन्हा तेच कपडे.

नवा पट्टा आला, हाय गिअर चालूच राहिला. तिसरा पट्टा जळाला तेव्हा घरात ठराव झाला, की ही पांढरी हत्तीण विकावी. मीही मान हलवली, दमलोच होतो. चौथा पट्टा घातला तो गिऱ्हाइकाला गाडी चालू दाखवायला. मुळशीकडचा एक रिसॉर्टवाला यायचा ठरला. दादांना सांगितलं, एकजण गाडी बघायला येतोय. शेडवर पोचल्या पोचल्या, धुतलेली टोपी घालून, ते उजव्या सीटवर जाऊन बसले.

रिसॉर्टवाला चारी बाजूंनी फिरला, वाकून टायर पाहिले, पट्ट्याचं विचारलं. मग नेहमीचा प्रश्न आला. "चालवतं कोण?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादा समोर बघत म्हणाले, "मी."

त्याने स्टिअरिंगकडे पाहिलं, दादांच्या हातातल्या दांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खोटा रिपोर्ट मी वीस वर्षांत एकदाही सही करून पुढे पाठवलेला नाही.

"हो, तेच चालवतात," मी म्हणालो. "आणि त्यांना रोज लागते. तुम्हाला उगीच हेलपाटा पडला."

तो चहा पिऊन गेला. घरी काय सांगायचं याचा मी विचार करत डावीकडे बसलो. दादांनी दांडा धरला.

"सोड क्लच."

मी सोडला. त्याआधी, न विचारता, लो गिअर टाकला. इंजिनाचा आवाज बदलला आणि गाडी बैलाच्या चालीने निघाली. साठ वर्षं इंजिनं ऐकलेल्या माणसाला ते कळणार नाही, असं होणं शक्य नव्हतं. मी ओरडा खायची तयारी ठेवली. खडक आला, चढलो. दादांनी दांडा तेवढाच पक्का धरला होता.

भिंत संपते तिथे शेजारचे म्हातारबाबा उभे होते. "आज लई सावकाश, दादा?"

"व्हय," दादा म्हणाले. "जपून चालवाया लागती. न्हाईतर ह्यो इकून टाकील."