समुद्रातले सात पिंजरे

माशांचा नवा पिंजरा विणून झाला की चाचा त्याच्या तोंडातून कोपरापर्यंत हात आत घालायचे आणि मागे ओढायचे. जाताना हात सहज जाई, येताना तारेची टोकं कातडीत रुतत. दोन-चार ओरखडे उठले की समाधानानं म्हणायचे, "हां, झाला. आता याची जबाबदारी आली."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. स्वतःच्या कामाचा पहिला त्रास स्वतःलाच करून घेणारी.

अल खफजी हे कुवेतच्या सीमेला चिकटलेलं, सौदीतलं समुद्राकाठचं छोटं गाव. रियाधहून माझी तिथे बदली झाली तेव्हा बायकोनं विचारलं, "तिथे काय आहे?" मी म्हटलं, "समुद्र." "आणि?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शेजारी राहत होतं. चाचा रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, वीस वर्षं एका सौदी मालकाच्या होडीवर. घराच्या अंगणात बसून ते माणूस आत मावेल एवढे तारेचे घुमट विणत. आत खाद्य ठेवायचं, दोरीला तरंगता डबा बांधून पिंजरा समुद्रात सोडायचा, तीन दिवसांनी काढायचा. मासा आत शिरतो, त्याला बाहेर येता येत नाही.

गावची रीतभात मला चाचांनीच शिकवली, तीही मी माती खाल्ल्यावर. समोरच्या सौदी म्हाताऱ्यानं कहवा प्यायला बोलावलं. आपण सभ्य माणसं. मी बसल्या बसल्या विचारलं, "तुमच्या मिसेस कशा आहेत?" म्हाताऱ्याचा चेहरा दगडासारखा झाला. चाचांनी माझ्या मांडीला असा चिमटा काढला की कहवा सांडला.

बाहेर आल्यावर म्हणाले, "भाऊ, हितं कुनाच्या बायकोची चौकशी करू नये. घरचे कसे हायत, एवढंच इचारा."

"पण घरच्यांत ती येतेच ना?"

"येते. पन तिला येगळी काढून इचारताव कशाला?"

आमच्या घरच्या शिळ्या चपात्या त्यांच्या पिंजऱ्यांत जात. एकदा ते दारात उभे राहून म्हणाले, "वैनी, तुमच्या चपातीला हामूर धावत येतो." बायको आठवडाभर मला ऐकवत होती, समुद्रातल्या माशाला कळतं, घरातल्याला कळत नाही. त्यानंतर चपात्या जरा जास्तच उरू लागल्या.

ताप असो, वारा असो, तिसऱ्या दिवशी पिंजरे निघालेच पाहिजेत. एकदा अंगात ताप असताना निघाले, तेव्हा मी म्हटलं, "चाचा, मासेच ते. शेवटी आपण खाणारच ना?"

"खानं येगळं. कोंडून उपाशी मारनं येगळं." मग खाली बसून त्यांनी मला समजावलं, शाळेतल्या मुलाला समजावावं तसं. "आत एक मरतो, त्याच्या वासानं दुसरा शिरतो. तो मेला की तिसरा. तार गंजंस्तोवर हे चालतं. कोंडलं कोनी? आपन. मग काढायचं कोनी?"

त्या उन्हाळ्यात इराकनं कुवेत घेतलं. कुवेतहून पळालेल्यांच्या, टपावर गाद्या बांधलेल्या गाड्या आमच्या गल्लीवरून दिवसच्या दिवस जात राहिल्या. मी बायको-मुलीला भारतात पाठवलं आणि नोकरी सांभाळत मागे राहिलो. शौर्य म्हणून नव्हे, राजीनामा लिहायची हिंमत होईना म्हणून. हिवाळ्यात पहाऱ्यावरच्या शिपायांनी समुद्र बंद केला. एकही होडी जायची नाही. चाचांचे सात पिंजरे आत राहिले.

ते रोज सकाळी धक्क्यावर जाऊन विचारायचे आणि परत यायचे. तीन दिवस, सहा, दहा. पिंजरे कुठे आहेत ते मशिदीचा मिनार आणि पाण्याची टाकी एका रेषेत धरून त्यांना पाठ होतं. रिकाम्या किनाऱ्यावर उभं राहून तीच रेष धरून समुद्राकडे बघत राहायचे. त्या दिवसांत त्यांनी मासा खाणं सोडलं.

युद्ध पेटलं त्या सकाळी सीमेपलीकडून तोफा सुरू झाल्या. तेलाची टाकी पेटली, उजेडावर काळोख चढला. गाव रिकामं करायचा हुकूम निघाला. आमच्या कंपनीच्या गाडीत एक जागा होती. मी धावत चाचांकडे गेलो, तर ते होडीच्या इंजिनासाठी डब्यात पेट्रोल ओतत होते.

"चाचा, चला! गाडी उभी आहे."

"शिपाई पळाले, भाऊ. आज अडवनारा कोन नाय."

"वेड लागलंय का? तोफा चालल्यात!"

"म्हनून तर. आता हितं परत कवा येनार आपन?" त्यांनी डबा उचलला. "तुमी व्हा पुढं. वैनीला सलाम सांगा."

ते होडी घेऊन निघाले, मी धक्क्यावर थांबलो. किती वेळ, ते सांगायची लाज वाटते. त्यांची होडी अजून दिसत होती. मागे गाडीतून सुदानी ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" ओरडत होता. तेवढ्यात जवळच एक गोळा पडला आणि मी गाडीत जाऊन बसलो. ड्रायव्हरनं नव्हे, मीच दार ओढून घेतलं.

युद्ध संपल्यावर कंपनीनं परत बोलावलं. किनाऱ्यावर तेलाचा काळा थर होता. धक्क्याच्या वर, वाळूत, पाच पिंजरे ओळीनं ठेवलेले होते. प्रत्येकाचं दार सोडवून उघडं टाकलेलं, वाऱ्यानंही काही आत अडकू नये असं. उरलेले दोन नव्हते, होडीही नव्हती. मालकानं सगळीकडे विचारलं, इस्पितळांत, तुरुंगांत. चाचा कुठेच नव्हते.

पुढच्या सुट्टीत मी आणि बायको त्यांच्या गावी गेलो. खाडीकाठचं कौलारू घर. चाचींना पत्रातून कळलेलं होतं. त्या रडल्या नाहीत, आमच्यासमोर तरी. मी दोन वाक्यं बोललो. मग त्यांनी विचारलं, "सगले पिंजरे काढलेनी काय त्यांनी?"

खोटं बोलण्यात मी कच्चा आहे. बायको माझ्या तोंडाकडे बघूनच पकडते. ती त्या वेळी माझ्याकडेच बघत होती.

"सगळे," मी म्हणालो. "सातही."

चाचींनी डोक्यावरचा पदर नीट केला. "मग बरं," म्हणाल्या, आणि आमच्यासाठी भात टाकायला उठल्या.

बायकोनं खाली बघितलं. त्या गोष्टीवरून तिनं मला आजवर एकदाही छेडलेलं नाही.