पायलटचा डबा

समस्त आप्तेष्ट, शेजारी आणि गारखेडा परिसरातील सुज्ञ नागरिकांस जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, गेली काही वर्षे आमच्या घरात दर रविवारी दुपारी एक विमान संकटात सापडते. प्रवासी बहुधा वाचतात. मरतो तो एकच, एअर होस्टेसशी उद्धटपणे बोलणारा टायवाला. त्याच्या आत्म्यास शांती लाभो.

मी शहरातल्या फिल्म सोसायटीचा जुना सभासद आहे. रविवारी सकाळी तिथे कॅमेऱ्याची संथ हालचाल आणि मौनाचा अर्थ यावर मी गंभीरपणे बोलतो. मग 'घरी पाहुणे येणार आहेत' असं सांगून पळ काढतो. पाहुणे वगैरे कुणी नसतात. दोन वाजता टीव्हीवर हिंदीत डब केलेला विमानाचा सिनेमा लागतो आणि तोवर आईने सोफ्यावर माझी जागा धरून ठेवलेली असते.

हे सिनेमे थिएटरचे नव्हेत, टीव्हीसाठीच काढलेले, स्वस्तातले. विमान बाहेरून दिसतं तेव्हा त्याला चार इंजिनं असतात, पुढच्या दृश्यात दोन. ढग कापसाचे. दर सिनेमात खुर्च्यांची निळी कापडं तीच. घटस्फोटाच्या काठावरचं एक जोडपं असतं, ते विमान खाली यायला लागलं की एकमेकांचे हात धरतं. एक निवृत्त पायलट असतो, त्याने पुन्हा विमानाला हात लावणार नाही अशी शपथ घेतलेली असते. त्याची शपथ मोडायची वेळ आली की जाहिराती लागतात. आई तेवढ्यात चहा टाकून येते.

"ह्या गड्याला मागल्या इतवारी मरताना पाह्यलं होतं," आई म्हणते.

"तो सिनेमा वेगळा, आई."

"खुर्ची तर तीच हाय."

आमचं हे सुख निर्वेध चाललं होतं, तोवर दिल्लीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. बाळंतपणाला महिना उरला होता, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं आणि तिला आई हवी होती. आईच्या गुडघ्यांना आगगाडीचा एवढा प्रवास झेपणारा नव्हता. मी विमानाची तिकिटं काढली, आईचं आणि सोबतीला माझं. आईने ती पाहिली आणि म्हणाली, "मी नाय बसायची इमानात."

बायकोने हातातली पोळी तव्यावर तशीच सोडली आणि माझ्याकडे पाहिलं. "घ्या. दर रविवारी विमानं पाडत बसा म्हणावं दोघांनी. आता बाळंतपणाला कोण जाणार? तुम्ही?"

बहिणीने फोनवर एवढंच म्हटलं, "आई, येणार नसशील तर आत्ताच सांग. मी बाई बघते." शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फाटला. आईने फोन ठेवला आणि भाजी निवडायला घेतली. त्या रविवारी तिने टीव्ही लावला नाही. मीही लावला नाही. सोफ्यावर आम्ही दोघं बंद पडद्यासमोर गुन्हेगारांसारखे बसलो होतो.

शेवटी मी विचारलं, "आई, भीती कशाची वाटते तुला? वादळाची?"

"वादळाचं काय नाय. इंजिन बंद पडलं तरी खाली उतरवतेत, पाह्यलंय की आपण. पण डायवरच्या पोटाचं काय?"

आता हे समजून घ्यायला दोन गोष्टी माहीत हव्यात. पहिली अशी की, दर तिसऱ्या सिनेमात दोन्ही पायलट विमानातली एकच मच्छी खातात आणि दोघंही आडवे होतात. दुसरी गोष्ट आईच्या माहेरची, पिशोरची. तिच्या लहानपणी गावात मुक्कामी एसटी यायची. ड्रायव्हर-कंडक्टरला जेवण गावातल्या घरांतून जायचं, पाळीपाळीने. आईच्या घरची पाळी सोमवारी. मंगळवारी सकाळी ड्रायव्हर ताजातवाना दिसला तरच आजी चुलीपुढून उठायची. गाडीत अख्खं गाव बसतंय, मग ड्रायव्हरच्या पोटात काय गेलंय हे गावाने बघायला नको का, असा आईचा सरळ हिशोब. आणि इथे कुणीतरी अनोळखी माणूस पायलटला मच्छी वाढणार.

"तुझ्या हातचं खाऊ घालू पायलटला," मी म्हणालो. "मग बसशील?"

"दोघांना?"

"दोघांना."

"बसंन."

मी अर्थातच थाप मारली होती. विमानात शिरल्यावर काहीतरी सांगून वेळ मारून नेऊ, असा विचार होता. पण निघायच्या दिवशी आई दोन डबे घेऊन तयार. एकात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, दुसऱ्यात धपाटे. "दोघांनी एकच खायचं नसतं," ती मला समजावून म्हणाली. जणू हे सिनेमे मी तिच्याशेजारी बसून पाहिलेच नव्हते.

विमानाच्या दारात एअर होस्टेसने हात जोडले. आईने तिच्या हातावर डबे ठेवले. "हे डायवरला द्या."

"आंटीजी, ये अलाउड नहीं है," ती म्हणाली.

आई दारातच थांबली. मागे रांग तुंबली. "काकू, जरा सरकता का, आत तरी जाऊ द्या," मागून एक गृहस्थ म्हणाले. आई सरकली, पण बाहेरच्या बाजूला, शिडीकडे. मला दिल्लीत पडून असलेली बहीण दिसली आणि घरी पोळीवाला तवाही दिसला. मी एअर होस्टेसच्या कानाशी काकुळतीला आलो, "फक्त हो म्हणा हो, पुढचं मी बघतो."

तेवढ्यात कॉकपिटमधून कॅप्टनचं डोकं बाहेर आलं. "कुठल्या, आजी?"

"पिशोरची."

"माझं आजोळ कन्नडचं, तुमच्या शेजारचंच गाव," तो म्हणाला आणि त्याने दोन्ही डबे घेतले.

"ह्यो तुमचा, ह्यो त्यांचा," आईने बजावलं. "अदलाबदल नाय करायची."

"बरं, आजी."

आई आत आली, पट्टा बांधला आणि खिडकीतून सगळं शांतपणे बघत राहिली. वाटेत विमान हादरलं. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. चटणी पायलटच्या घशात अडकली असेल का, हा विचार फिल्म सोसायटीच्या सभासदाला शोभणारा नव्हता, पण तो आला.

"घाबरू नको," आई म्हणाली. "पहिल्या हादऱ्याला कधीच काय व्हत नसतं. दुसऱ्याला पाहू."

दुसरा हादरा आला तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तेव्हा आई डुलकी काढत होती.

दिल्लीला चाकं टेकली. बाहेर जावई गाडी घेऊन उभे असल्याचा फोन आला. आईने पदर सावरला आणि लेकीकडे निघाली, गुडघेबिडघे विसरून. विमानाच्या दारात कॅप्टन रिकामे डबे घेऊन उभा होता, शेजारी त्याचा तरुण सहकारी. डबे धुऊन पुसलेले होते.

"आजी, झकास," कॅप्टन म्हणाला. "दशमी काय, धपाटे काय. आम्ही दोघांनी दोन्ही डबे अर्धे अर्धे वाटून खाल्ले."

आईने डबे पिशवीत टाकले. ती काही बोलायच्या आत, मागे अख्खं विमान उतरायला ताटकळलेलं असताना, मौनाच्या अर्थावर भाषणं देणारा मी सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो, "दोघांनी एकच खाल्लं? मग आपण वाचलो कसं?"