उपवासाला चालणारी गोळी

पंचवटीच्या भाजीबाजारात बयाबाई जिथे बसतात ती जागा मला पंचवीसेक वर्षांपासून ठाऊक आहे. मेथी, कोथिंबीर आणि शेपू एवढाच माल. त्यांची जुडी इतरांपेक्षा बोटभर जाड असते. तरीही एखादं गिऱ्हाईक शेजारच्या जुडीतून चार काड्या उपटून घेतं, तेव्हा त्या नुसत्या बघतात, बोलत नाहीत. त्या मूळच्या हरसूलकडच्या. नवरा लवकर गेला. मुलगा नवनाथ याला त्यांनी याच जागेवर बसून वाढवलं. तो आता टेम्पो चालवतो आणि त्याची बायको राखी घरी शिवणकाम करते. अंगाने बयाबाई अगदीच किरकोळ. वजन अडतीस किलो, हे मला दवाखान्यात कळलं.

त्यांच्याविषयी लिहावं असं बरेच दिवस मनात होतं, पण लिहायला बसलो की माझंच काहीतरी मध्ये येतं. आता ते टाळत नाही. मला नीट लिहिता येतं असं नाही, तरी जे घडलं ते सांगतो.

मी कंपाउंडर होतो. बाजारामागच्या गल्लीत आमच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. तिथे एकतीस वर्षं मी गोळ्या मोजल्या आणि पुड्या बांधल्या. डॉक्टर वारले, दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, पण बाजारातल्या बायका माझ्याकडे येतच राहिल्या. कुणाची कंबर धरलेली असायची, कुणाच्या नातवाला कणकण. मी मेडिकलमधून साध्या गोळ्या आणून ठेवायचो आणि जुन्या कॅलेंडरच्या कागदात पुडी बांधून द्यायचो.

गोळ्या पाकिटातून सोडवून सुट्या द्यायच्या ही दवाखान्यातली सवय, असं मी स्वतःला सांगत असे. खरं कारण सांगायला लाज वाटते. पाकीट दिसलं असतं तर बायकांना कळलं असतं की कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते तीच ही गोळी. मग कंपाउंडरभाऊंकडे कोण कशाला आलं असतं?

गेल्या नवरात्रात, तिसऱ्या माळेच्या सकाळी मी बाजारात गेलो तेव्हा बयाबाई डोक्याला फडकं बांधून बसल्या होत्या. अंग मोडून आलंय म्हणाल्या. नऊ दिवस त्यांचा कडक उपवास असतो, दिवसभरात एखादं केळं आणि कोरा चहा. मी घरी जाऊन नऊ गोळ्यांची पुडी बांधून आणली आणि अंगदुखीच्या आहेत, दिवसातून तीन घ्या, असं सांगितलं.

त्यांनी पुडी लगेच कमरेला खोचली नाही. हातात धरून विचारलं, "भाऊ, उपासाला चालंल ना? का कायतरी खाऊन घ्यायची?"

"गोळीने उपास मोडत नाही," मी म्हणालो.

शेजारी लिंबं घेऊन बसणाऱ्या सखुबाई म्हणाल्या, "बघा, कंपाउंडरांनी देवीची परवानगी पण काढून ठिवली." सगळ्या हसल्या. मीही हसलो. त्या दिवशी घरी जाताना मला बरं वाटत होतं, हेही सांगून टाकतो.

आमचे डॉक्टर प्रत्येक पेशंटला आधी विचारायचे, काय खाल्लंय, याच्याआधी कुठली गोळी घेतली आणि किती वाजता. कितीही गर्दी असो. एकतीस वर्षं ते प्रश्न माझ्या कानावर पडले, पण मी बयाबाईंना त्यातला एकही विचारला नाही.

विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. आदल्या संध्याकाळपासून त्यांना ताप होता आणि राखीने मेडिकलमधून तापाच्या गोळ्या आणल्या होत्या. नाक गळतंय म्हणून सखुबाईंनी आपल्याकडचं सर्दीच्या गोळ्यांचं पाकीट देऊन टाकलं होतं. बयाबाईंचा हिशोब सरळ होता. तापाची वेगळी, सर्दीची वेगळी, अंगदुखीची वेगळी. त्या तिन्ही घेत होत्या, प्रत्येक तीन वेळा, रिकाम्या पोटी कोऱ्या चहाबरोबर. सर्दीच्या गोळीत आणखी दोन औषधं होती, पण पॅरासिटामॉल तिन्हींत होतं. माझ्या पुडीत तर दुसरं काही नव्हतंच.

सहाव्या माळेला त्यांची जागा रिकामी दिसली. रात्रभर उलट्या झाल्या, नवनाथने टेम्पोत घालून द्वारका चौकाकडच्या एका दवाखान्यात नेलं, असं सखुबाईंनी सांगितलं. मी रिक्षा करून गेलो.

बयाबाई गुंगीत होत्या. डोळ्यांत पिवळी झाक होती. तरुण डॉक्टरीणबाई नवनाथला विचारत होत्या की आजींनी काय काय औषध घेतलं. त्याने खिशातून राखीने आणलेलं पाकीट काढून दाखवलं. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. पाकिटावरचं नाव मला तिथूनच वाचता आलं आणि काय झालंय ते त्याच क्षणी समजलं.

डॉक्टरीणबाई बयाबाईंवर वाकल्या. "आजी, याशिवाय आणखी काही घेतलं का? कुणी काही दिलं?"

बयाबाईंनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दुसरं काय नाय."

मी खाटेच्या चाकाकडे बघत राहिलो.

बाहेर बाकावर बसलो. नवनाथ काय म्हणेल, हे आधी मनात आलं. मग बाजारात काय बोलतील ते आलं. मग पोलीस. बयाबाईंचा विचार त्यानंतर आला. असा दीड तास गेला. आत त्यांच्या रक्ताच्या तपासण्या चालल्या होत्या, कावीळ असेल का, डेंग्यू असेल का, आणि कारण माझ्या तोंडात होतं.

राखी कागदी कपात चहा घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसली. "काका, तुम्ही आलात म्हणून धीर आहे. आम्हाला ती औषधांची नावं कळत नाहीत. तुम्हीच एकदा डॉक्टरांशी बोला ना."

तो चहा मला पिववला नाही. कप बाकावर ठेवून मी उठलो.

डॉक्टरीणबाईंना मी सांगितलं की गोळ्या मीही दिल्या होत्या. कुठल्या, त्यांनी विचारलं. "त्याच. साडेसहाशे मिलिग्रॅमच्या. नऊ." त्यांनी लगेच राखीला हाक मारून आणखी कुणी काही दिलं का ते विचारलं. तिने पर्समधून सर्दीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट काढलं. ते सांगायचं असतं हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. सर्दीची गोळी तर ती.

बाईंनी पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचली आणि बेरीज केली. दिवसाला पाच ग्रॅमच्या वर. म्हणाल्या, "धडधाकट माणसालाही आम्ही चारच्या पुढे जाऊ देत नाही. ह्या तर अडतीस किलोच्या, आणि पोटात अन्न नाही. लिव्हरला मार बसलाय." नर्सला हाक मारून त्यांनी त्यावरचं औषध सलाइनमधून ताबडतोब सुरू करायला लावलं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "बाबा, मघाशी मी विचारलं तेव्हा तुम्ही तिथेच उभे होतात ना?"

मी होय म्हणालो. नवनाथ मागे उभा राहून ऐकत होता. त्याने बाकावरची, माझ्या जागेशेजारी ठेवलेली आईची पिशवी उचलली आणि पलीकडच्या खुर्चीवर नेऊन ठेवली. एवढंच.

बयाबाई अकरा दिवसांनी घरी आल्या. दसरा दवाखान्यातच गेला. निघायच्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना विचारलं की त्या दीड तासाने काही बिघडलं का. लिहिता लिहिता त्या म्हणाल्या, फार फरक पडला नसेल. मान वर करून म्हणाल्या असत्या तर मला जास्त बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी माफी मागायला बयाबाईंच्या घरी गेलो. त्या उंबऱ्याशी बसून लसूण सोलत होत्या. मी काय बोलणार ते मनात घोकून गेलो होतो, पण पहिल्याच वाक्याला अडखळलो.

त्या म्हणाल्या, "मला ठावं होतं भाऊ. ती बाई इचारत होती तवा तुमची पुडी डोक्यात होती माझ्या."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमच्यावर आलं असतं." लसणाची पाकळी त्यांनी ताटलीत टाकली. "आन तुम्ही तिथंच होता की. म्हणलं, सांगायचं आसंल तर तुम्हीच सांगाल."

मी पुड्या बांधणं सोडलं. बायकांना ते आवडलं नाही. कंपाउंडर संपावर गेले, अशी बाजारात थट्टा होते. कुणी गोळी घेऊन आलंच तर मी पाकीट उलटं करून त्यावर औषधाचं नाव काय आहे तेवढं वाचून दाखवतो आणि घरात याच नावाचं दुसरं पाकीट आहे का ते बघायला सांगतो. पाकीट फेकू नका म्हणतो. एवढं मला आधीही करता आलं असतं.

दिवाळीनंतर बयाबाई पुन्हा जागेवर बसू लागल्या. जुडी तशीच जाड. एका सकाळी उठताना गुडघा धरला त्यांचा, आणि माझ्याकडे बघून त्यांनी हात पुढे केला. "द्या की भाऊ एक पुडी."

इतकं होऊनही त्यांनी तो हात पुढे केला. मला त्यांच्याकडे बघवेना. पुडी नाही म्हणालो, उद्या माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चला. त्या थोड्या रुसल्या, पण आल्या.

दवाखान्यात आमचा नंबर लागला. डॉक्टरांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, आजी? कुणी दिलेल्या, घरातल्या, सगळ्या सांगा."

बयाबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं.

"सांगा," मी म्हणालो. "नवरात्रातल्या माझ्या पुडीचंही सांगा."