येसाजीला धरायची पाळी

येसाजी मुंबईहून सायकल घेऊन आला तेव्हा काटवणच्या लोकांना वाटलं, गडी सुधारला. खरं तर त्याला सायकल नुसती चालवता येत होती. थांबवता येत नव्हती.

दोष सगळा त्याचा नव्हता. सायकल कुणा उंच साहेबाच्या मापाची, आणि येसाजी चणीने लहान. दगडावर उभा राहून तो टांग टाकी. पायडलं कशीबशी पायाला लागत, जमीन काही लागत नसे. ब्रेक दाबला की सायकल थांबे आणि येसाजी तिच्यासकट आडवा होई. मुंबईत मैदानाचं लोखंडी कुंपण धरून तो उतरायचा. पण काटवण पडलं बोर्ली पंचतनच्या वरच्या सड्यावर. सगळा काळा कातळ, त्यावर बारीक खडी, मधूनमधून करवंदीची जाळी. चढायला दगड पावलोपावली, उतरताना धरायला एक झाड असेल तर शपथ.

गिरणीत दोन वर्षं काढून तो घरी आला तो दिवस तर बघण्यासारखा होता. दिघीला बोटीतून उतरून त्याने सायकल हाताने चढ चढवली आणि सडा लागताच ऐटीत वर बसला. खबर आधीच पोचली होती. बायको राही पाण्याचा तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती, दृष्ट काढायला. येसाजी आला, तिच्याकडे बघून हसला आणि तसाच पुढे गेला. वाट उताराची, ती थेट ग्रामदेवीच्या देवळात शिरते. तिथल्या खांबाला त्याने कडकडून मिठी मारली, तेव्हा कुठे थांबला.

मागून धावत आलेल्या गावाने हात जोडले. घर टाकून आधी देवीच्या पायाशी गेला! म्हातारे गहिवरले. येसाजीने डोळे मिटून घेतले. लोक इतक्या मायेने आपल्याला थोर ठरवत असताना खरं सांगायला छाती लागते. ती त्याच्याजवळ नव्हती.

राहीने तांब्या अंगणात ओतून टाकला. दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते माणूस दारावरून न थांबता गेलं, आणि वर त्याची वाहवा! ती संध्याकाळीच दिवेआगरला माहेरी निघून गेली. येसाजी चालत आणायला गेला तर बाहेरसुद्धा आली नाही. आतून म्हणाली, "जशे गेलात तशे या. चाकावरून या, नि माझ्या दारात थांबून दाखवा." त्यावर या शहाण्याने मान डोलावली. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं! पण नाही.

गावाला मात्र खरी गोष्ट लवकरच कळली. येसाजी बोर्लीच्या बाजारातून सगळ्यांचं मीठ आणि काडेपेट्या आणून द्यायचा, आणि परत आला की कुणाच्या तरी गवताच्या उडवीत घुसायचा. उडव्या मोडू लागल्या तशी गावकी बसली. गुरं राखायची पाळी असते, पालखीची असते, तशी येसाजीला धरायची पाळी लागली. बाजाराच्या दिवशी एकेका घराने एक माणूस वेशीवर उभा करायचा. धरणाऱ्यांत चढाओढ लागली. कुणी कमरेला धरी, कुणी मागून सदरा पकडी. एका म्हातारीने तर ओढ्याला पसरलेलं जाळं आणलं होतं.

येसाजीला हे सुख मानवलं. सकाळी सड्यावर चिटपाखरू नसे. चाकाखाली खडी करकरे, तित्तर फडफडून उठत, कड्यावरून लांब समुद्र दिसे. पण मन लागत नसे. दिसेल ते राहीला सांगावं वाटे, आणि सांगायला पुढ्यात नुसतं हँडल.

मग पाळी फिरत फिरत येसाजीच्याच घराची आली.

"मीच मला कसा धरू?" त्याने विचारलं.

गावकीचा मुख्य धर्माजी सुपारी कातरत होता. "पाळी घराची हाय, माणसाची न्हाय. तुज्या घरातलं माणूस उभं कर. न्हायतर शिमग्याला तुज्या घरचा खांदा पालखीला लागायचा न्हाय."

"घरात हाय कोण दुसरं?"

"त्ये तू बघ."

पालखीला खांदा नाही म्हणजे माणूस गावात असून नसल्यासारखा. पण येसाजीला त्याहून लागलं ते 'हाय कोण दुसरं' हे आपलंच बोलणं. त्याने सायकल काढली, दगडावर चढला आणि दिवेआगरची वाट धरली.

सडा संपला, उतार लागला, सुपारीच्या वाड्या आल्या. सासूचं घर, विहीर आणि दोन्हींभोवती गोल फिरणारी पायवाट. राही दारातच होती.

"राही, मी आलो..." म्हणेपर्यंत तो दारापुढून गेलासुद्धा. वळसा घालून परत आला. "...तुला न्यायला..." गेला.

सासू नीराबाई रीतीची पक्की. जावई आला तर पायावर पाणी घालायलाच हवं, म्हणून तांब्या घेऊन ती वाटेवर टपून बसली, आणि तो आला की फेकू लागली. "बसा जावयबापू, बसा!"

"बसलोच हाय!" येसाजी ओरडला आणि विहिरीमागे दिसेनासा झाला.

पुढच्या फेरीला तो भिजून चिंब होता. पाय भरून आले होते आणि लाज कुठल्या कुठे गळून पडली होती. "राही, त्या दिशी मी देवीला न्हाय ग्येलो! देवी वाटंत आली!" पुन्हा वळसा. "खांबाला मिठी मारली ती भक्ती न्हवती गो!" पुन्हा. रडू आवरेना. "मला थांबता येत न्हाय! तुज्या दारात थांबायचं व्हतं, पर थांबताच येत न्हाय!"

पुढच्या फेरीला राही वाटेच्या मधोमध उभी होती, पदर खोचून.

"बाजूला हो! लागंल!"

ती हलली नाही. दोन्ही हातांनी तिने हँडल पकडलं. वाळूत पाय रोवून चार हात मागे घसटत गेली. चाक थांबलं. सायकल एका अंगाला कलली आणि येसाजी तिच्या खांद्यावर आला. तो लहान पोरासारखा हुंदके देत होता. तिने त्याला तसाच धरून ठेवला.

"ह्येच त्या दिशी वरडला असतात," राही म्हणाली, "तर तवाच धरलं असतं."