गौरेशने विकलेलं दुकान

गौरेश कांबळी पेडणे–म्हापसा बसवर कंडक्टर होता तेव्हा तालुक्यातली अर्धी माणसं त्याला ओळखायची, आणि उरलेल्या अर्ध्यांना तो ओळखायचा. शुक्रवारच्या बाजाराला निघालेल्या बायकांच्या पाट्या तो स्वतः उचलून घ्यायचा. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाच्या जावयाचं काम सुटलंय, हे त्याला सुटे पैसे परत करता करता कळायचं. बोलणं इतकं गोड की बसमध्ये पाय ठेवायला जागा नसली तरी माणूस चढायचा, आणि म्हापशापर्यंत अवघडून उभा राहिला तरी हसत उतरायचा.

ह्याच जिभेवर एका बिल्डरच्या माणसाची नजर पडली. म्हापशाच्या कडेला, हमरस्त्याला लागून 'सप्तधारा' नावाचं संकुल उभं राहायचं होतं. खाली दुकानं, मधे ऑफिसं, वर फ्लॅट. गौरेशला त्यानं बसमधून उतरवलं आणि एसीच्या ऑफिसात नेऊन बसवलं. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र आणि समोर काचेच्या पेटीत इमारतीची छोटी प्रतिकृती, तिच्या खिडक्यांत बारके दिवे. आलेल्या माणसाला तो आधी ते दिवे लावून दाखवायचा. स्वतःलाही त्यानं वरच्या मजल्यावर एक लहान फ्लॅट बुक केला. त्याचा विश्वास होता. लोक पुढं काहीही म्हणोत, गौरेशनं खोटेपणानं एकही जागा विकली नाही.

एका रविवारी त्यानं बस ठरवून गावातली माणसं जागा दाखवायला नेली. थोरला भाऊ गोकुळदास त्यात होता. डिचोलीच्या खाणीवर ट्रकांचा सुपरवायझर, चार माणसांत ज्याचा शब्द चालतो असा. त्यानं फ्लॅट घेतला. गोकुळदासनं घेतला म्हटल्यावर आणखी सात-आठ घरांनी घेतले. आणि धाकटी बहीण आनंदी. तिचा नवरा अपघातात गेला होता, पदरात शाळेत जाणारी अश्विनी, आणि ती तुयेच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. नवऱ्यामागे जे हाती आलं होतं त्यातून तिनं तळमजल्याचं कोपऱ्यातलं लहानसं दुकान घेतलं. लाल मातीत ती चपलेनं रेघा ओढत उभी राहिली.

"हंय मशीन. थंय आरसो. आणि हंय पडदो, बायकांक ब्लाउज घालून बघूक."

"आणि पाटी?" गौरेशनं विचारलं.

"पाटी तू लाव, भाई," ती म्हणाली.

पायाचा खड्डा खणला गेला, कोपऱ्यात सळ्या उभ्या राहिल्या आणि काम थांबलं. बिल्डर आणि त्याचे भागीदार एकमेकांवर उलटले, जमिनीच्या मालकीवर कुणीतरी कोर्टात गेलं, मनाई आली. त्याच सुमारास खाणी बंद पडल्या आणि गोकुळदास घरी बसला. बिल्डरचं ऑफिस आधी अर्धा दिवस उघडू लागलं, मग फक्त फोनवर, मग फोनही बंद. काचेची पेटी कुणी नेली कळलं नाही. खड्ड्यात पाणी साठलं. आजूबाजूच्या म्हशी त्यात डुंबू लागल्या.

बिल्डर कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. पाहिला होता तो गौरेश.

पहिल्या वर्षी लोक विचारायला यायचे. दुसऱ्या वर्षी ओरडायला यायचे. त्यानंतर कुणी येईनासं झालं, आणि ते सगळ्यात वाईट. कांबळ्यांचा गणपती एकच, थोरल्या घरी. चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीवरची माटोळी बांधणं हे लहानपणापासून गौरेशचं काम. रानातली फळं, वेली, सुपारीचे घोस तोच गोळा करून आणायचा. त्या वर्षीही तो पोतं खांद्यावर घेऊन गेला. माटोळी बांधून झाली होती.

"पोरांनी बांधली," गोकुळदास आरामखुर्चीतून न उठता म्हणाला. "तू कित्याक त्रास घेतलंस?"

गौरेशनं पोतं ओट्यावर ठेवलं. कुणी ते आत नेलं नाही. तो तसाच घरी आला. त्यानंतर त्या घरून बोलावणं आलं नाही, ना चवथीचं, ना पुतणीच्या साखरपुड्याचं.

ह्याचा मार गौरवीला जास्त बसला. गौरवी म्हणजे त्याची बायको, डिचोलीकडची, एकत्र कुटुंबात वाढलेली. चवथीच्या दिवसांत थोरल्या घरच्या स्वयंपाकघरात जावांबरोबर करंज्यांसारख्या नेवऱ्या तळत बसणं हेच तिचं वर्षभराचं माहेर होतं. पोटी मूल नव्हतं. त्या घरची पोरं तिच्या अंगाखांद्यावर वाढली होती. आता ती पोरं रस्त्यात दिसली की मोबाइलमध्ये बघत पुढं जायची. गौरवी नवऱ्याला एका शब्दानं बोलली नाही. पण दर चवथीला दोन माणसांपुरत्या नेवऱ्या करून ती ताटात वाढायची, आणि गौरेश एकच खाऊन उठायचा.

तो टेंपोवर कामाला लागला. हॉटेलांना पाण्याच्या बाटल्या पोचवायच्या. पण सुनावणी असली की टेंपो कुणाच्या तरी हवाली करून तो पणजीला जायचा. कागद झेरॉक्स करायचा, वकिलाच्या दारात बसायचा, बुकिंगवाल्यांच्या सह्या घ्यायला घरोघर फिरायचा. लोक सह्या करायचे, पाणी विचारायचे नाहीत.

येत राहिली ती एकटी आनंदी. पाळी सुटली की तुयेहून येताना ती त्यांच्या पायरीवर बसायची, गौरवीच्या हातचा चहा प्यायची, अश्विनीच्या गोष्टी सांगायची. तिनं कधी दोष दिला नाही. चुकून एखाद्या दिवशी विचारायची, "भाई, कोर्टात काय कळला?" तो म्हणायचा, "बघूया." ती मान हलवायची आणि दुसरा विषय काढायची. गोकुळदासचं तोंड फिरवणं गौरेशला सोसवत होतं. आनंदीचं हे शांत बसणं सोसवत नव्हतं. तिच्या चपलांचा आवाज आला की आताशा तो परसात जाऊन काहीतरी शोधत राहायचा.

मग म्हापशाचा एक व्यापारी अडकलेली बुकिंगं विकत घेतोय असं त्याच्या कानावर आलं. गौरेश त्याच्या मागे लागला आणि आनंदीच्या दुकानासाठी त्याला तयार केलं. घातलं तेवढं तिला परत मिळत होतं. त्याला वाटलं, देव पावला.

आनंदी म्हणाली, "ऱवांदे भाई. माका घाई नाय."

"अगो, थंय आता म्हशीच ऱवतल्यो. तुझां दुकान आता खंय होतलां?"

"नाय झालां तर नाय. पण माझां आसा ना."

तो आठवडाभर तिच्याकडे जात राहिला. अश्विनीच्या लग्नाचं काढलं, तिच्या गुडघ्यांचं काढलं, उद्या हा व्यापारीही मागे फिरेल म्हणाला. शेवटी तिच्या ओट्यावर बसून रडला. भाऊ रडतोय हे बघून आनंदी उठली, आतून कागद आणले आणि म्हणाली, "खंय सही करूची ती दाखव." त्या रात्री गौरेशला कित्येक वर्षांनी गाढ झोप लागली. पुढच्या मे महिन्यात अश्विनीचं लग्न झालं, त्यातच ते सगळे पैसे गेले. लग्नात गौरेश-गौरवीला आनंदीनं पुढं उभं केलं. गोकुळदास दुसऱ्या टोकाला बसला.

त्यानंतर वर्ष उलटलं नाही तोच निकाल लागला. एका मोठ्या कंपनीनं सप्तधारा आपल्याकडे घेतलं. पत्रे लागले, खड्ड्यातलं पाणी पंपानं उपसलं, पिवळी क्रेन आली. जुन्या लोकांना ठरल्या भावातच जागा मिळणार होत्या, आणि समोरचा रस्ता मधल्या काळात चौपदरी झाला होता.

काम सुरू करण्याच्या पूजेला मांडव घातला. बुकिंगवाल्यांची समिती झाली होती, अध्यक्ष गोकुळदास. त्यानं एकाही सुनावणीला पाऊल टाकलं नव्हतं, पण फेटा त्याला शोभत होता. गौरेश पुढच्या रांगेकडे निघाला तेव्हा कंपनीचा मॅनेजर सुदेश त्याला हाताला धरून बाजूला घेऊन गेला.

"तुम्ही जरा मागं बसाल का? वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही समोर दिसलात की लोकांना जुनं आठवतं. आज शुभ दिवस आहे."

गौरेश मागं बसला. माईकवर गोकुळदास म्हणाला की आम्ही कधी धीर सोडला नाही, म्हणून आज हा दिवस दिसतोय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गौरेशनंही वाजवल्या.

पण जाताना गोकुळदासनं त्याच्या हातावर पेढा ठेवला. "यंदा चवथीक ये," तो म्हणाला. "गौरवीक घेवन ये."

घरी आल्यावर त्यानं हे सांगितलं, आणि गौरवी पदरानं हात पुसत तशीच उभी राहिली. मग तिनं कपाट उघडलं आणि साड्या पलंगावर काढल्या. ती गुणगुणत होती. लग्नानंतरची पहिली काही वर्षं सोडली तर गौरेशनं तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

चवथ आठवड्यावर आली आणि गोकुळदासचा फोन आला. "आनंदी म्हणता, तू आयलंस तर ती पायरी चढूची नाय. बिनघोवाची बहीण, गौरेश. तिका मी काय सांगू?"

पूजा झाल्यापासून आनंदी पायरीवर आली नव्हती, हे गौरेशच्या तेव्हा ध्यानात आलं. तो तसाच तिच्याकडे गेला. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. ये म्हणाली नाही.

"माका म्हायत नाय होतां, आनंदी. देवाशपथ."

"ठावक आसा. तुका कधीच काय म्हायत नसता."

"मगे असां कित्याक करतंस?"

ती खडे बाजूला टाकत राहिली. "मी वाट बघूक तयार होतंय, भाई. माका घाई नाय म्हणान सांगलंय तुका. तू माका वाट बघूक दिलंस नाय."

"तुझ्या बऱ्यासाठीच..."

"माझ्या नाय." आता तिनं वर बघितलं. "माका बघलंस काय तुका लाज वाटायची. मी येतंय म्हणान परसात जायचंस, तां काय माका दिसत नाय होतां? तुका माझ्यापासून सुटूचा होता. सुटलंस. आता परत कित्याक येतंस?"

तिच्या बोलण्यात चुकीचा एकही शब्द नव्हता. आत कुकरची शिटी झाली. आनंदी सूप घेऊन आत गेली आणि तिनं दार लोटलं.

गोकुळदासनं मग तोड काढली. पाचव्या दिवशी विसर्जनाला ये, म्हणाला. आनंदी तेव्हा दुपारीच निघते, कारखान्याची दुसरी पाळी असते. गौरवीनं साडी बदलून दोनदा नेसली. डब्यात नेवऱ्या भरल्या. संध्याकाळी दोघं थोरल्या घराच्या अंगणात पोचली तेव्हा आत आरतीची तयारी चालली होती, आणि बायकांच्या घोळक्यात आनंदी बसली होती. तिनं पाळी बदलून घेतली होती. मुद्दाम की सहज, ते कधी कळलं नाही.

गौरेश तुळशीपाशी थांबला. "चल," तो हळूच म्हणाला. "घरी जाऊया."

गौरवी हलली नाही. दारातून थोरल्या जावेनं तिला पाहिलं होतं आणि ती हात करून बोलावत होती. मागून एक पुतणी आली, तिच्या कडेवर मूल होतं. गौरवीनं ते मूल पहिल्यांदाच बघितलं.

"तुमी हंयच ऱवा," ती नवऱ्याला म्हणाली. "मी जावन येतंय."

"गौरवी."

"मी कोणाक काय विकलां नाय होतां," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. डबा घेऊन ती पायरी चढली, आणि आनंदीनं सरकून तिला आपल्या शेजारी जागा करून दिली.

आरती झाली. गणपती बाहेर निघाला तेव्हा गौरेश रस्त्याच्या पलीकडं गेला. वाड्यातली माणसं ओढ्याच्या दिशेनं गेली, त्यात गौरवी जावेच्या खांद्याला खांदा लावून चालली होती. ती उशिरा परतली. चेहरा उजळला होता, आणि तो त्याला दिसू नये म्हणून तिनं आल्या आल्या स्वयंपाकघरातला दिवा मालवला.

तेव्हापासून ती थोरल्या घरी जाते. बारशाला, हळदीकुंकवाला, पापड लाटायला. आनंदी भेटली की दोघी बोलतात. घरी आल्यावर ती तिथलं काही सांगत नाही आणि गौरेश विचारत नाही. सप्तधाराचा पाचवा स्लॅब भरून झालाय. आपल्यापायी तिचं गेलं ते भरून निघावं म्हणून त्यानं आपला फ्लॅट गौरवीच्या नावावर केला. तिनं कागद नीट वाचून सही केली आणि पुढचा पंधरवडा माहेरी जाऊन राहिली. टेंपो घेऊन म्हापशाला जाताना तो अजून सप्तधारासमोरच्या त्याच रस्त्यानं जातो. दुसरा रस्ता लांबचा पडतो.