सलीमभाईंच्या काचेवरचा बर्फ

मंडळी, सौदीतल्या तबूकच्या साइटवर सलीमभाई आणि मी एका जुन्या कॅराव्हानमध्ये राहतो. हिवाळ्यात इथे रात्री पाणी गोठतं, नि हीटर पहाटे दम तोडतो. मग श्वासाची वाफ उशीजवळच्या काचेवर गोठते. रोज सकाळी बर्फाचे ताटाएवढे दोन गोल, एक माझ्या काचेवर, एक त्यांच्या.

सलीमभाई परवा सुट्टीवर रत्नागिरीला गेले. काल रात्री मी एकटाच होतो. दाराला आतून कडी होती.

आज सकाळी त्यांच्या काचेवरही बर्फ होता. तेवढाच, उशीच्या वर.

त्यांना फोन लावला. म्हणाले, "पोचलो रे. पण रात्रभर कुडकुडत होतो. घरात सगळ्यांना पंखा लागतो, नि मी दोन गोधड्यांत."

निघताना ते नेहमीसारखं "येतो" म्हणाले होते.

आज कडी लावू की नको, सांगा.