पाखरांसाठी लावलेली गाणी

लग्नाच्या बाजारात शेतकऱ्याला काय भाव आहे, हे मला विचारू नका, माझं डोकं तापतं. अकरा स्थळांनी मला नकार दिला आणि अकराही वेळा कारण एकच, मुलगा शेती करतो. बाग दाखवा, विहीर दाखवा, डिग्रीचं सर्टिफिकेट दाखवा, शेवटी निरोप यायचा की मुलीला नोकरीवालाच हवाय. सातव्या नकारानंतर मी मध्यस्थाला फोनवर नको ते बोललो. नवव्यानंतर आईनं भावकीतल्या लग्नांना जाणं सोडलं, कारण मांडवात भेटेल ती बाई तिला तोच एक प्रश्न विचारायची. मला मात्र आई म्हणायची की गुडघे दुखतात. गुडघ्यांना काही म्हणता काही झालेलं नव्हतं.

बारावं स्थळ नाशिक रोडचं आलं. मुलगी एका लॅबमध्ये रक्त तपासायची, वडील सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. मी घरात सांगून टाकलं, असल्या ठिकाणी चहालासुद्धा जायचं नाही, पेट्रोल वाया जातं. पण त्यांच्याकडूनच निरोप आला की मुलीला आधी फोनवर बोलायचंय. डिसेंबरचा पहिला आठवडा होता. पाच-दहा मिनिटं झाली तरी तिनं शेतीचा विषय काढला नाही. मग म्हणाली, "बायोडाटात सगळेच निर्व्यसनी आणि मनमिळाऊ असतात. त्यावरून काही कळत नाही. तुमच्या गाण्यांच्या ॲपवर वर्षभराची यादी आली असेल ना, ती पाठवा."

ही यादी डिसेंबरात सगळ्यांच्याच मोबाईलवर येते. वर्षभरात काय काय ऐकलं, कुठलं गाणं सगळ्यात जास्त लावलं, सगळं रंगीत चित्रांत मांडून येतं आणि लोक कौतुकानं स्टेटसला ठेवतात. मी माझी कधी उघडूनही बघितली नव्हती. खरं सांगायचं तर ती मुलगी मला त्या पहिल्या फोनलाच आवडली होती. हसायची ती मोकळं, तोंडावर हात ठेवून हसल्यासारखं नाही. म्हणून घाईघाईनं यादी उघडली, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

पहिल्या नंबरवर कुत्र्यांचं भुंकणं. दुसऱ्यावर ढोल-ताशा. तिसऱ्यावर ससाण्याची किंचाळी, चौथ्यावर हलगी, पाचव्यावर तान्ह्या पोराचं रडणं. आणि खाली ॲपनं मोठ्या प्रेमानं लिहिलं होतं की तुमची आवड चारचौघांपेक्षा वेगळी आहे, तुम्ही भल्या सकाळपासून संगीतात रमता.

आमची द्राक्षबाग विंचूरच्या पुढं. मण्यात पाणी उतरलं, साखर भरायला लागली की साळुंक्या आणि बुलबुल झुंडीनं तुटून पडतात. डबे वाजवून झाले, चमकणाऱ्या पट्ट्या बांधून झाल्या, ओरडून वडिलांचा घसा बसला. तेव्हा मी माझा जुना, काच फुटलेला मोबाईल एका स्पीकरला जोडला आणि बागेच्या मधोमध टांगला. त्यावर गाण्यांचं ॲप, खातं माझंच. पाखरं लय हुशार असतात. एका आवाजाला दोन दिवस घाबरतात, तिसऱ्या दिवशी त्याच स्पीकरवर बसून मणी फोडतात. म्हणून आवाज सारखा बदलत राहायचा. आणि खातं एकच असल्यामुळं मी घरी एखादं गाणं लावलं की तिकडं बागेतलं भुंकणं बंद पडायचं आणि बांधावरून वडिलांच्या शिव्या ऐकू यायच्या. मग मी ॲपवर गाणी ऐकणंच सोडून दिलं. माझी गाणी ट्रॅक्टरवर, पेनड्राइव्हमध्ये.

हे सगळं तिला सरळ सांगायला काय झालं होतं, असं आता कुणीही म्हणेल. पण सांगायचं म्हणजे पहिल्याच दिवशी बाग, पाखरं, कुत्री सगळं तिच्या पुढ्यात ओतायचं, आणि अकरा वेळा आमची गाडी तिथंच तर अडली होती. माझा मामेभाऊ नाशिकला कॉलेज रोडला राहतो, गझलांचा शौकीन माणूस. त्याला फोन केला. तो आधी पोट धरून हसला, मग म्हणाला, माझी घे. मी घेतली आणि दिली पाठवून. अर्ध्या तासात तिचा मेसेज आला की अरे वा, गझल ऐकता? मी लिहिलं, हो.

त्या एका 'हो'नं माझी जी फरफट केली! पुढचे आठ दिवस मी बारावीलाही केला नव्हता एवढा अभ्यास केला. पेनड्राइव्हमधली माझी गाणी काढून गझला भरल्या. शेणखताची ट्रॉली खाली करताना त्या मोठ्यानं लावल्या, तर वडील शेताच्या दुसऱ्या टोकाकडून चालत आले आणि गंभीर होऊन विचारलं, कोण गेलं? कोणी नाही म्हटलं तर म्हणाले, मग हे कशापायी लावलं हाय, माणूस उभ्या उभ्या झोपंल. संध्याकाळी ती फोनवर एखादा शेर म्हणायची, मी 'वा' म्हणायचो. तिनं अर्थ विचारला की माझी रेंज जायची. गंमत म्हणजे ती जितकी मोकळी व्हायला लागली, तितका मला मामेभावाचा राग यायला लागला. तिला आवडत होता तो, मी कुठं होतो? दुसऱ्याचा सदरा घालून पंगतीत बसावं आणि डाग पडेल म्हणून नीट जेवताही येऊ नये, तशी माझी गत झाली होती. आणि ती मला हवी होती. आधीच्या अकरा वेळा लग्न हवं होतं, या वेळी ती हवी होती.

रविवारी ती आई-वडिलांना घेऊन घर बघायला आली. चहा-पोहे झाले, आणि वडील उत्साहानं सगळ्यांना बागेकडं घेऊन निघाले. आमचा एक तुकडा लवकर छाटणीचा असतो, तिथं मण्यात पाणी उतरलेलं होतं आणि स्पीकर सकाळपासून चालू होता. तो बंद करायचं माझ्या ध्यानातच आलं नाही. आम्ही बागेत शिरलो आणि दहा-बारा कुत्री अंगावर आल्यासारखी भुंकायला लागली. तिच्या वडिलांनी चप्पल हातात घेतली. माझे वडील अभिमानानं म्हणाले, "घाबरू नका, पोराची आयडिया हाय. त्या गाण्याच्या ॲपवर लावतो, पाखरांसाठी. मागच्या हंगामापासून हेच वाजतंय."

तिनं स्पीकरकडं बघितलं, मग माझ्याकडं. रोज रक्त तपासणारी मुलगी, तिला काय लपणार. मोठी माणसं पुढं गेली तशी ती मागं थांबली.

"ती यादी कोणाची होती?"

"मामेभावाची."

"आणि तुमची?"

मी मोबाईल तिच्या हातात दिला. तिनं कुत्र्यांपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळं सावकाश वाचलं. मला वाटलं आता हसेल. ती हसली नाही. खोटं बोललो होतो मी, पण डोकं तापलं तेही माझंच. मी फडाफडा बोलत सुटलो, की शेतकरी म्हटलं की पोरी पाठ फिरवतात, ही भुंकणारी यादी पाठवली असती तर तुम्ही आज इथं आला असता का, तुम्हीच सांगा.

"ते तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत," ती म्हणाली. "अकरा जणी नाही म्हणाल्या, म्हणून मीही नाहीच म्हणणार. मला विचारलंत का?"

तिनं माझ्याच मोबाईलवरून ती यादी स्वतःला पाठवून घेतली, मोबाईल परत दिला आणि आईजवळ जाऊन उभी राहिली. जाताना तिच्या वडिलांनी हात जोडले आणि कळवतो म्हणाले. 'कळवतो'चा अर्थ आमच्या घरात आता सगळ्यांना पाठ होता.

तीन दिवस काही आलं नाही, ना तिचा मेसेज, ना मध्यस्थाचा फोन. मी दोनदा माफीचं लिहिलं आणि दोनदा पुसलं. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतल्यावर माफी तरी कुठल्या तोंडानं मागायची. मामेभावाचा फोन आला तर मी त्याच्यावरच खेकसलो, बिचाऱ्याचा काही दोष नसताना. माझा फोन वाजला की आई आत असली तरी पदराला हात पुसत बाहेर यायची, आणि दुसऱ्याच कुणाचा आहे असं कळलं की तशीच परत जायची. हे बघवत नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी जेवायला घरी आलो. आई भाकरी करत होती. ताट वाढून होईपर्यंत मी मोबाईल बघत बसलो, तर त्या मुलीचं नवीन स्टेटस दिसलं. उघडलं आणि माझी यादी समोर आली. वर कुत्र्यांचं भुंकणं, खाली ढोल-ताशा, ससाणा, हलगी, रडणारं पोर, एकही ओळ झाकलेली नव्हती. तिच्या लॅबमधली माणसं, कॉलनीतल्या मावश्या, मैत्रिणी, नातेवाईक, सगळे ते बघत असणार. आणि खाली तिनं दोन ओळी लिहिल्या होत्या.

"कुणाचं?" आईनं चुलीपुढूनच विचारलं.

मी वाचून दाखवलं, "माझा होणारा नवरा शेतकरी आहे. ही त्याची वर्षभराची गाणी."

आईची भाकरी तव्यावर तशीच राहिली. हे तुला एकट्याला लिहिलंय का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं नाही, हे तिच्या ओळखीच्या सगळ्यांना दिसतं, सगळ्यांसाठीच लिहिलंय. भाकरी करपल्याचा वास यायला लागला, तरी ती उठून माझ्याजवळ येऊन बसली. मोबाईलच्या काचेवर तिनं पिठाचं बोट ठेवलं, बरोबर 'शेतकरी' या शब्दाखाली.

"परत वाच," ती म्हणाली.